रात्री तिठ्यापासून घरापर्यंत चालत जाताना आजूबाजूचे भान कसे राखावे?

केवडा:

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते आणि रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. दुपारपाळी संपली की वस्तीच्या गाडीने परत येते. ही गाडी मला साडेनऊच्या सुमारास तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, सोडून पुढच्या गावी वस्तीला जाते. तिठ्यापासून घर सुमारे दीड किलोमीटर आहे. सुरुवातीला डांबरी रस्ता असून त्यावर दोन मोठी वळणे आहेत. त्यानंतर सड्यावरून (कातळाच्या उघड्या माळावरून) जाणारी वाट लागते आणि शेवटी आगरांमधून (नारळी-पोफळीच्या बागांमधून) खाली उतरणारी पायऱ्यांची पाखाडी, जिच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचे गडगे (चिऱ्यांच्या कुंपणभिंती) आहेत. विजेचे खांब पाखाडीच्या तोंडापर्यंतच आले आहेत आणि पावसाळ्यात त्यांवरचे दिवे असून नसल्यासारखे असतात.

रात्रीचे जाऊच नये, हा सल्ला मला पुरेसा मिळालेला आहे. नोकरी पाळ्यांची असल्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. उरलेले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सासरे म्हणतात की बॅटरी लावल्याशिवाय पाऊल टाकू नये. शेजारचे आजोबा म्हणतात की बॅटरीने माणूस आंधळा होतो, चांदण्यात चालायला शिकावे. जाऊबाईंच्या मते घरी पोहोचेपर्यंत फोनवर कोणाशी तरी बोलत राहावे, तर माझी सहकारी सांगते की फोन पर्समधून बाहेर काढूच नये.

मला अंधाराची भीती वाटते असे नाही. मात्र दिवसभराच्या कामाचे विचार डोक्यात घोळत असतात, आणि पाखाडीच्या तोंडाशी आल्यावर जाणवते की मधला सडा कधी संपला ते कळलेच नाही. भीतीपेक्षा मला हेच अधिक खटकते. ‘सावध राहा’ असे सगळे सांगतात, परंतु नेमके कशाकडे लक्ष द्यायचे, डोळ्यांनी काय टिपायचे, कानांनी काय, आणि ते टिपल्यावर पुढे काय करायचे, हे कोणी नीट सांगितलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना खलाशी:

केवडाताई, व्यापारी जहाजांवर रात्रीचे पहारे देण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे त्याच अंगाने उत्तर देतो. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतला पाचवा नियम पहाऱ्याचा आहे आणि त्यात दृष्टीच्या जोडीने श्रवणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. रात्री चालणाऱ्या माणसाला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

आधी डोळ्यांविषयी. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांतील शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सरावतात, पण अंधुक प्रकाशात खरे काम ज्या दंडपेशी करतात, त्यांना पूर्ण सरावण्यासाठी २० ते ३० मिनिटे लागतात. आपली सारी वाटच मुळी २० मिनिटांची आहे. म्हणजे गाडीतल्या दिव्याखाली फोन पाहत बसलेला प्रवासी तिठ्यावर उतरला, तर त्याचे डोळे सरावेपर्यंत घर येते. शेजारच्या आजोबांचे म्हणणे त्यांच्या काळात खोटे नव्हते, कारण त्यांची पिढी मिणमिणत्या कंदिलाच्या घरातून थेट अंधारात उतरत असे. गाडीतून उतरणाऱ्याला ते लागू होत नाही. यावर साधा उपाय असा की शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासात फोन बंद करून खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहत बसावे. समोरून वाहन आले तर एक डोळा मिटून घ्यावा, म्हणजे निदान त्या डोळ्याची कमाई वाया जात नाही.

बॅटरी वापरावीच, परंतु ती कशी धरायची यावर सगळे अवलंबून आहे. कपाळावर बांधलेल्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांच्याच रेषेत पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डा, दगड, पायरीची कड हे सारे एकसारखे सपाट वाटते. तीच बॅटरी मांडीच्या उंचीवर धरून तीन-चार पावले पुढे रोखली, तर प्रत्येक खड्याची सावली लांब पडते आणि वाटेचा उंचसखलपणा आपोआप उठून दिसतो. प्रकाश मंद असलेला बरा. प्रखर बॅटरीच्या वर्तुळात सगळे लख्ख दिसते, पण त्या वर्तुळाबाहेर एक हातावर कोणी उभे असले तरी कळत नाही. म्हणून थोड्या थोड्या अंतराने थांबून बॅटरी उचलावी, वाटेच्या दोन्ही अंगांवरून सावकाश फिरवावी आणि पुन्हा खाली आणावी. अंधारात एखादी आकृती संशयास्पद वाटली, तर तिच्याकडे टक लावून पाहू नये. तिच्या किंचित बाजूला नजर ठेवावी. नेत्रपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे रोखून पाहिलेली वस्तू उलट नाहीशी होते. नवख्या पहारेकऱ्याला आम्ही पहिल्याच रात्री हे शिकवत असू.

समुद्रावरचा आणखी एक नियम रस्त्यावर उपयोगी पडतो. दूरचा दिवा आपल्या तुलनेत डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर तो बाजूने निघून जाणार. दिशा न बदलता तो नुसता मोठा होत असेल, तर तो थेट आपल्यावर येत आहे असे समजावे आणि वेळीच वाट सोडावी.

सडा कधी संपला ते कळत नाही, या आपल्या तक्रारीबद्दल सांगायचे तर सलग वीस मिनिटे जागरूक राहणे कोणालाच जमत नाही. जहाजावरही पहारा वाटून घेतात. मायका एंड्स्ली या अमेरिकी संशोधिकेने १९९५ मध्ये परिस्थितीच्या भानाच्या तीन पायऱ्या मांडल्या : समोर काय आहे ते टिपणे, त्याचा अर्थ लावणे आणि थोड्या वेळाने काय होईल याचा अंदाज बांधणे. विमानचालकांच्या प्रशिक्षणात ही मांडणी आजही वापरतात. आपण वाटेवर चार ठाणी ठरवावीत : तिठा, दुसरे वळण, सड्याची सुरुवात आणि पाखाडीचे तोंड. प्रत्येक ठाण्यावर पाच-दहा श्वास उभे राहावे, मागे वळून पाहावे, ऐकावे आणि या तीन प्रश्नांची उत्तरे मनात द्यावीत. मधल्या टप्प्यात मन थोडे भटकले तरी पुढचे ठाणे त्याला परत आणते.

सड्यावरचा:

खलाशीबुवांनी डोळ्यांचे सांगितले. मी पायाखालचे सांगतो, कारण आमचे घर सड्यावरच आहे आणि आमच्याकडे रात्रीचा मुख्य प्रश्न फुरसे या विषारी सापाचा असतो.

फुरसे जेमतेम हातभर लांबीचे, जांभ्याच्या मातीत मिसळून जाईल अशा रंगाचे आणि प्रामुख्याने रात्री वावरणारे असते. काठी आपटत चालले की जमिनीच्या कंपनाने साप दूर होतात, हे बहुतेक सापांच्या बाबतीत खरे आहे, परंतु फुरसे अनेकदा पळत नाही. ते वेटोळे घालून जागेवरच राहते आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. घोणशीचा इशारा कुकरच्या शिट्टीसारखा मोठा असतो. फुरशाची खरखर मात्र पावसाच्या आवाजात किंवा कानांत हेडफोन असताना ऐकू येणे शक्य नाही. मण्यार तर काहीच आवाज करत नाही. त्यामुळे काठी जरूर असावी, पण काठी आहे म्हणून बॅटरी नको, असे कोणी म्हणू नये. मृगाच्या आधीच्या वळवाच्या सरींपासून भातकापणी संपेपर्यंत बॅटरीशिवाय सड्यावर पाऊल टाकणे हे धाडस मुळीच नाही, तो निव्वळ हलगर्जीपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाखाडीवरून उतरताना पायरीच्या मध्यभागी पाऊल ठेवावे आणि पुढच्या पायरीचा कडेचा कोपरा आधी उजेडात पाहून घ्यावा, कारण वरच्या पायरीच्या आडोशाला जे बसलेले असते ते वरून दिसत नाही. तोल सावरण्यासाठी गडग्यावर हात टेकण्याची सवय मोडावी. चिऱ्यांच्या फटींत उंदीर असतात, त्यांच्यामागे साप येतात, आणि विंचवांचे तर ते घरच आहे. वाटेत आडवे पडलेले लाकूड किंवा माडाची झावळी ओलांडून पलीकडे पाय टाकण्यापूर्वी पलीकडची बाजू पाहावी. पायांत चपलांऐवजी बूट असावेत, पावसात गमबूट असले तर उत्तम. दंशावरच्या उपचारांचे आपणास मी सांगण्याची गरज नाही. इतर वाचकांसाठी एवढेच लिहितो की दंशाच्या जागी चिरा देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलू देऊ नये आणि १०८ वर फोन करून सरळ रुग्णालय गाठावे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. विंचवाच्या बाबतीतही घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याला आता चार दशके होऊन गेली.

बिबट्याविषयी लोक बोलतात फार. तो सहसा माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. त्याला कुत्री, शेळ्या आणि कोंबड्या हव्या असतात. म्हणून सोबतीला घरचा कुत्रा आणणे हा सल्ला कोणी दिला असेल, तर तो मानू नये. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून धावू नये, खाली वाकू अथवा बसू नये, उभे राहून मोठ्या आवाजात बोलत, बॅटरी दाखवत सावकाश मागे यावे, आणि नंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कानांसाठी एक सांगतो. पावसाळ्यात व्हाळाजवळ (ओढ्याजवळ) बेडकांचा एकसारखा कल्लोळ असतो आणि आपण जवळ गेलो की तेवढ्या भागातले बेडूक गप्प होतात. आपण अजून लांब असतानाच पुढच्या बाजूचे बेडूक अचानक गप्प झाले, तर तिथे दुसरे कोणीतरी हालचाल करत आहे. सड्यावर टिटवी हेच काम करते. ती रात्री उगाच ओरडत नाही, आणि तिचा आवाज जिकडून येतो तिकडे बॅटरी वळवून क्षणभर थांबावे. प्रत्येक वेळी कोल्हा किंवा भटके गुरूच निघेल, तरीही पाहावे.

वस्तीची गाडी:

मी अशीच वस्तीची गाडी अनेक वर्षे चालवली आहे, आता निवृत्त आहे. केवडाताईंच्या वाटेतला सर्वांत धोकादायक भाग कोणता असे विचाराल, तर मी सडाही म्हणणार नाही आणि पाखाडीही म्हणणार नाही. तो पहिला डांबरी रस्ता आणि त्यावरची दोन वळणे आहेत. याची चर्चा होत नाही, कारण गाडीची गोष्ट रंगवून सांगता येत नाही.

पायी चालणाऱ्याला गाडीचे दिवे लांबून दिसतात, त्यामुळे आपणही चालकाला दिसत असू असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दिवे खाली केलेले असताना गडद कपड्यांतील माणूस चालकाला जेमतेम २५-३० मीटरवर आल्यावर दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. चालकाला तो माणूस आहे हे उमजून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच निम्म्याहून अधिक अंतर संपलेले असते. समोरासमोर दोन गाड्या येत असतील, तर त्यांच्या दिव्यांच्या मध्ये सापडलेला पादचारी दोन्ही चालकांच्या दृष्टीने अक्षरशः नाहीसा होतो. अशा वेळी चालत राहू नये, रस्ता सोडून कडेला उभे राहावे.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, म्हणजे येणाऱ्या वाहनांना सामोरे जात चालावे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याला एक अपवाद आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रस्ता उजवीकडे तीव्र वळत असेल, तर वळणाच्या आतल्या बाजूने चालणारा माणूस समोरून येणाऱ्या चालकाला दरडीमुळे किंवा झाडीमुळे शेवटपर्यंत दिसत नाही. अशा वळणाच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला जावे आणि वळण संपल्यावर परत यावे. दुसरे असे की समोरून एकच दिवा येत असेल, तर ती मोटारसायकलच आहे असे धरून चालू नये. एक दिवा गेलेला टेम्पो आपल्या रस्त्यांवर काही नवलाचा नाही आणि त्याची दुसरी बाजू आपल्याला अपेक्षित असते त्यापेक्षा हातभर अलीकडे असते.

पांढरी ओढणी चांगली, पण रेडियमची पट्टी त्याहून चांगली. ती पाठीवर लावण्यापेक्षा घोट्यांना आणि मनगटांना बांधावी, कारण हलणारी पट्टी पाहिली की चालक त्याला लगेच माणूस म्हणून ओळखतो. स्थिर पट्टी मैलाच्या दगडावरचीही असू शकते. येणाऱ्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांवर बॅटरी मात्र कधीही रोखू नये. ती आपल्याच पायांवर पाडावी.

आणखी एक विनंती चालक-वाहकांना करून पाहावी. प्रवासी उतरल्यावर गाडी लगेच हलवण्याऐवजी तो पहिल्या वळणापाशी पोहोचेपर्यंत दिवे चालू ठेवून थांबणे, यात मिनिटभराहून अधिक वेळ जात नाही. वस्तीच्या गाडीला पुढे कुठे पळायचे असते? आमच्यापैकी बहुतेक जण कोणी सांगितले नाही तरी हे करत, आणि नवीन मुलांना सांगितले तर तेही करतात.

आगरवाट:

साप, बिबट्या आणि गाड्या झाल्या. केवडाताईंनी लिहिले नसले, तरी एकट्या बाईच्या मनात माणसाचा विचार येतोच, म्हणून त्याविषयी लिहिते.

फोनचा वाद आधी मिटवू. अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या चौकातून जाणाऱ्या लोकांच्या वाटेत त्यांनी एकचाकी सायकलवर फिरणारा विदूषक सोडला आणि नंतर लोकांना तो दिसला का असे विचारले. एकट्याने चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो दिसला होता. फोनवर बोलत चालणाऱ्यांपैकी फक्त चौथा हिस्सा लोकांना दिसला. सोबत्याशी गप्पा मारत जोडीने चालणाऱ्यांत मात्र सुमारे ७० टक्के लोकांनी त्याला पाहिले होते. हे दिवसाढवळ्याचे आकडे आहेत. सोबतचा माणूस आपलीच वाट पाहत असतो आणि काही दिसले तर बोलणे तोडतो, फोनवरच्या माणसाला आपल्यापुढे काय आहे ते कळत नाही. त्यामुळे जाऊबाईंचा हेतू चांगला असला, तरी सल्ला तुमच्या सहकारिणीचा बरोबर आहे. तिठ्यावर उतरल्यावर घरी एक फोन करावा, ‘उतरले, वीस मिनिटांत येते’ असे सांगावे आणि फोन ठेवून द्यावा. पण घरात हेही ठरलेले असावे की अर्धा तास उलटला तर कोण, कोणत्या वाटेने शोधायला निघणार. हे ठरलेले नसेल तर त्या फोनला अर्थ नाही.

मागून कोणी येत आहे असे वाटले, तर वेग वाढवून खात्री करण्यापेक्षा थांबून करावी. बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने कडेला व्हावे. ज्याला पुढे जायचे आहे तो पुढे जातो. तोही थांबला, तर त्याच्यावर बॅटरी टाकून मोठ्याने विचारावे, “कोण आहे? कुठल्या वाडीतले?” आपल्याकडे असे विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही. सरळ माणूस लगेच आपला आणि बापाचा पत्ता सांगतो, आणि जो सांगत नाही त्याच्याशी कसे वागायचे हे ठरवायला तेवढे पुरे. गडग्यांमधल्या पाखाडीला आजूबाजूला फुटायला जागा नसते, म्हणून निर्णय पाखाडीच्या तोंडाशीच घ्यावा. अनोळखी माणूस मागे असताना आत उतरू नये. त्याला आधी उतरू द्यावे किंवा जवळच्या घराच्या पडवीत जाऊन हाक मारावी. उशिरापर्यंत कोणाच्या ओटीवर दिवा असतो, कोण एकटेच राहते, कोणाकडे तरणीताठी माणसे आहेत, याची माहिती दिवसा करून ठेवावी.

अनोळखी माणसाइतकेच लक्ष ओळखीच्या माणसाच्या आग्रहाकडेही द्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तिठ्यावर गाडी थांबवून ‘चला, सोडतो’ म्हणणाऱ्याला नकार देताना कारण सांगण्याची गरज नाही. घेतलीच सोबत, तर त्याच्यासमोरच घरी फोन करून नाव सांगावे. भल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. अनेक स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ दाबले की तो लागतो, परंतु प्रत्येक फोनची पद्धत थोडी वेगळी असते, ती सेटिंगमध्ये जाऊन पाहून ठेवावी. वाटेत रेंज कुठे जाते हेही माहीत असावे. गडग्यांच्या आत ती बहुतेक ठिकाणी जातेच.

केवडा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार ठाण्यांची कल्पना आणि उजव्या वळणाचा अपवाद मला कोणीच सांगितलेला नव्हता. आमचे पहिले वळण अगदी तसेच आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सड्यावर धुके किंवा जोराचा पाऊस असला की वाट दिसेनाशी होते, आणि तिथे चकवा लागतो, माणूस फिरून त्याच जागी येतो, असे गावात सगळे सांगतात. यावर काय करावे? दुसरी शंका अशी की तिठ्यावरून खाली पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) उतरून किनाऱ्याने घरी जाणारीही एक वाट आहे. चांदण्या रात्री ती मोकळी आणि उजेडाची वाटते. सड्यापेक्षा ती बरी ठरेल का?

जुना खलाशी:

चकव्याच्या मागे देवचारासारखे भूत असते की नाही यावर मी वाद घालणार नाही, पण माणूस फिरून त्याच जागी येतो हे मात्र तपासून सिद्ध झालेले आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन यांनी सहकाऱ्यांसह लोकांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवला. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ चालले. आभाळ भरून आले तेव्हा ते स्वतःच्या नकळत गोल फिरून आपल्याच वाटेला छेदून गेले. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र दिसेपर्यंत सरळ गेला आणि चंद्र दिसेनासा झाल्यावर वळत वळत आल्या दिशेने परत फिरला. दूरची एखादी खूण डोळ्यांसमोर नसली, की दर पावलाला होणारी बारीक चूक साठत जाते.

तेव्हा सड्यावर अशी खूण हवी. आभाळ स्वच्छ असेल तर ध्रुव उत्तर दाखवतो. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या किंचित खाली. पावसाळ्यात तारे नसतात, पण तेव्हा समुद्राची गाज सड्यावर स्पष्ट ऐकू येते आणि ती पश्चिमेकडूनच येणार. आपले घर समुद्राच्या बाजूला असल्याने गाज तोंडासमोर ठेवून चालावे. हिवाळ्यात उत्तररात्री मतलई वारा सुटला की तो जमिनीकडून वाहतो, म्हणजे आपल्या पाठीवर लागतो. अशा वाऱ्यात मागचे आवाज पुढे येतात आणि पुढचे आवाज येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र दिवसाउजेडी करण्याचा आहे : वाटेच्या दोन्ही कडांचे दगड चुन्याने रंगवून घ्यावेत, एका दगडाशी उभे राहिल्यावर बॅटरीत पुढचा दिसेल इतक्या अंतरावर. पुढचा दगड दिसला नाही, तर पुढे न जाता मागच्या दगडापाशी यावे.

खाडीमुख:

आमचे घराणे मासेमारीचे आहे, म्हणून पुळणीबद्दल लिहितो. चांदण्याची पुळण दिसते तेवढी सोपी नाही. तिथे तिथी पाहिल्याशिवाय उतरू नये.

भरतीचा आमचा जुना हिशोब असा आहे की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येतो, साधारण त्या वाजता भरती पूर्ण होते, आणि त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. आता तुमची वेळ साडेनऊची. शुक्ल द्वादशीला चंद्र डोक्यावर असतो आणि चांदणे पिठासारखे पडलेले असते, पण बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नेमक्या त्याच वेळी समुद्र पूर्ण भरलेला असतो. पौर्णिमेला साडेनऊला पाणी अजून चढत असते आणि भरती उधाणाची असते. चांदण्याचा मोह होतो त्याच रात्री पुळण सर्वांत अरुंद असते आणि कड्याखालचा भाग बंद होतो. याउलट शुक्ल पंचमी-षष्ठीला भरती दुपारी पावणेचार-साडेचारलाच होऊन गेलेली असते, साडेनऊला पाणी उतरत शेवटाला आलेले असते आणि चंद्रही अजून मावळलेला नसतो. वद्य पक्षात चतुर्थीनंतर चंद्राची आशा धरू नये. संकष्टीलाच चंद्रोदय नऊच्या पुढेमागे होतो, आणि त्यापुढे तो रोज पाऊण तासाहून अधिक उशिरा उगवतो.

हा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती चढत असताना तो अगदी काठावर नेऊन वापरू नये. दुसरे म्हणजे पुळणीवर लाटांच्या आवाजात मागून येणारी पावले ऐकू येत नाहीत. आगरवाटताईंनी सांगितलेली युक्ती तिथे चालणार नाही, मान वळवूनच पाहावे लागते. लाटेच्या अगदी कडेने न चालता ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेवरून चालावे. तिथे पाऊलही घट्ट बसते आणि सुरूच्या बनापासून अंतरही राहते. व्हाळ जिथे समुद्राला मिळतो, तिथे काठीने खोली पाहिल्याशिवाय पाय टाकू नये. त्या मुखाची जागा आणि खोली दर काही दिवसांनी बदलते. कालची उथळ जागा आज कमरेइतकी असू शकते. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आणि त्यानंतरही समुद्र निवेपर्यंत ही वाट बंदच समजावी आणि सड्यानेच जावे.